एका बुक्कीत जमलेलं लग्न

श्री सिद्धरामेश्वर पाठीशी असो.
सोलापूर, बाळी वेस, फेब्रुवारी १९७८

सौ. अक्का, धाकट्या सुंदरम्माचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला कारखान्याचं गाळप संपल्याशिवाय थांबत नाही असं लिहिलं होतंस. (मला तो तंबाखूचा वाटतो, पण मी कोण बोलणार?) आमच्याकडे सगळी खुशाल आहेत. फक्त आमच्या यांची अब्रू तेवढी गेली, आणि तीही आमच्याच दुकानातल्या चादरीवर.

आमच्या लग्नाच्या आदल्या महिन्यात हे मुंबईत एका सिनेमात काम करून आले होते, हे तुला ठाऊक आहेच. सोलापुरात ठाऊक नाही असं राहिलंय तरी कोण? टॉवेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ती कथा ऐकावी लागते, मग टॉवेल मिळतो. सिनेमा बॉक्सिंगचा. गिरणीतल्या एका कामगाराचं पोरगं बुक्क्या खाऊन खाऊन शहाणं होतं, एवढीच गोष्ट. (आपली पोरं बुक्क्या न खाता शहाणी झालीच की.) नाव लिहून शाई वाया घालवत नाही. इथल्या टॉकीजमध्ये तो आला तसा गेला. मी तेव्हा लेकीच्या, महानंदाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी, आणि सासूबाई सिनेमाला पाप समजायच्या, त्यामुळे घरात कुणीच पाहिला नव्हता. "हिरोला मी घाम फोडला," असं हे सांगायचे आणि इतकी वर्षं आम्ही माना डोलवायच्या.

आता त्या सडक्या सिनेमाचं रीळ गुंडाला कुठूनसं मिळालं. गुंडा म्हणजे आमच्या गल्लीतला, बारशाला नि गणपतीला घरोघरी मशीन लावून सिनेमा दाखवतो तो. झालं, यांच्या अंगात आलं. तुला माहीत आहे, दुधनीच्या मल्लप्पांनी आपल्या मुलासाठी महानंदा दिवाळीतच पाहिली, मुलगी पसंत म्हणाले, आणि मग गप्प बसले. होय म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. यांचं म्हणणं, मल्लप्पांना सिनेमा दाखवला की आपण कोण आहोत ते त्यांना कळेल. मी म्हटलं, तीच तर भीती आहे. पण माझं ऐकतंय कोण?

दिवेलागणीला अंगणात चादर टांगली. दुकानात साधी पांढरी चादर नाही, म्हणून मोरांची टांगली. त्यामुळे हिरोच्या गालावर मोर, हिरोच्या आईच्या कपाळावर मोर. सगळी गल्ली जमली. मल्लप्पा खुर्चीवर, हे शेजारी नवं धोतर नेसून. गुंडानं पहिलं रीळ बरोबर लावलं आणि दुसऱ्याच्या जागी शेवटचं लावलं. त्यामुळे पोरगं बुक्की मारायला शिकायच्या आधीच सामन्यात उभं. समोर आमचे हे. घंटा वाजली, हिरोनं एक ठोसा दिला (एकच, अक्का!) आणि हे हात पसरून आडवे. गल्ली खदाखदा हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. काठी घेऊन उठल्या, "माज्या लेकराला का मारतोस रं मुडद्या?" म्हणत हिरोच्या तोंडावर काठी हाणली आणि चादर खाली आली.

हे उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मी पाण्याच्या निमित्तानं आत गेले, तर म्हणतात, "मी पडलो नव्हतो गं. त्यांनी पडायला सांगितलं होतं." मी म्हटलं, "मग फारच आज्ञाधारक होतात." बोलून गेले, पण चेहरा बघवेना, आणि महानंदाचं आता काय होणार हा घोर मलाही होताच. तेवढ्यात दारात मल्लप्पा. मला वाटलं, निरोप घ्यायला आले.

"व्याहीबुवा," मल्लप्पा म्हणाले.

हे धोतर सावरत उठून उभे राहिले.

"खरं सांगू का ईश्वरप्पा, मी लई भीत हुतो. बॉक्सर व्याही म्हंजे बोलायची चोरी. लग्नात मानपानावरनं शब्दाला शब्द लागला आन् तुमी हात उचलला तर? म्हनून गप हुतो. आता काय भ्या न्हाय. मुलगी आमची."

म्हणजे ज्या बढाईवर हे आयुष्यभर जगले, तिनंच पोरीचं लग्न अडवून धरलं होतं! आणि ह्यांना एवढंही कळलं नाही की आनंद मानावा की राग. दोन्हीच्या मधला चेहरा करून मल्लप्पांना गूळ-पाणी दिलं.

साखरपुड्याला दाजींना घेऊन यायचंच.

तुझी,
सुंदरम्मा

ता. क. तुमच्या श्रीपूरच्या कारखान्याच्या वसाहतीत कुणाकडे तरी सिनेमाचं मशीन आहे असं तू म्हणाली होतीस. दाजींना सांगून एका रविवारची व्यवस्था कर. रिळं मी गुंडाकडून मागून आणते. इथे यांना कळू द्यायचं नाही. तुझे गुडघे बघायला जाते असं सांगेन.

ता. क. दुसरं : सगळा भिकार सिनेमा नको. चादर पुन्हा टांगल्यावर गुंडानं राहिलेलं मधलं रीळ लावलं, हे आतच होते, मी दाराआडून पाहिलं. त्यात हे सामन्याआधी दोरीखालून वाकून आत येतात, केस मागे सारतात आणि हसतात. अक्का, लग्नात मी मान वर केली नाही, पुढे घरभर माणसं, आणि नीट बघायला सवड मिळाली तोवर यांचं पोट सुटलं होतं. हे असे दिसायचे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढंच रीळ लावायचं. पडल्याचं लावू नका.