कॅटफिश आणि शिळ्या पाण्याचा हंडा

मंगळवार, दिवेलागणीला

मासा वाचला. आधी तेवढं लिहून टाकते.

सासूबाई दुष्काळी माण तालुक्यातल्या गावाहून इथं कोरेगावला आल्या तेव्हापासून शिळ्या पाण्याचा हंडा फिशटँकशेजारी, नेमका माझ्या वाटेत. किती ठेचा खाल्ल्या! टँकरची वाट बघण्यात जन्म गेला त्यांचा, त्यामुळं नळ आला तरी कालचं पाणी ओतू देत नाहीत. मी मेली गुपचूप ओतून टाकते. आज हंडा जागेवर दिसला नाही, तर बरंच वाटलं. ताजं पाणी भरलं आणि तेच टँकमध्येही घातलं. आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास येत होता, तरी घातलं. कशाची एवढी घाई होती मला?

दुपारी आमचा कॅटफिश तळ सोडून सारखा वर येऊन तोंड उघडायला लागला. मग आडवाच झाला. मिशासुद्धा हलेनात. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात सासूबाई कॉटखालून हंडा ओढत आल्या. माझ्या भीतीनं लपवून ठेवलेला! निम्मं पाणी काढायला लावलं आणि हंडा हळूहळू ओतला.

“शिळं पाणी निवल्यालं असतंय पोरी, पावडरीचा वास उडाल्याला असतोय. ताजं एकदम मानवत न्हाई.”

तासाभरानं मिशा हलल्या. मी म्हटलं, “आई, तुम्हाला कसं कळलं हो?”

“मला तरी हितलं पाणी कुठं लगीच मानवलं?” हसत म्हणाल्या, आणि रिकामा हंडा भरायला गेल्या.

वर्ष झालं त्यांना येऊन. माशाला पाणी मानवतंय का, ते मी रोज वाकून बघते; त्यांना मात्र कधी विचारलं नाही.