हुरड्याची झोप आणि लगतचे कब्जेदार

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

आदरणीय आप्पासाहेब,

मुकुंदाचा वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त लिहिण्यापुरतं. कमरेत उसण भरली आहे, कारण दिवाणाखाली आडवं पडून कुत्र्याच्या पिल्लाची मनधरणी करण्याचं माझं वय राहिलं नाही. तो प्रसंग पुढे येईलच.) आपला गुडघा काय म्हणतो? आवडाकाकू देतात ते तेल आपण खरंच लावता, की त्यांची पाठ वळली की बाटली तशीच फडताळात ठेवून देता? काकूंना सांगा, त्यांनी बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी परवा संपली आणि तेव्हापासून आमच्याकडे जेवताना कुणी फारसं बोलत नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण मोठ्यांदा “बोला” म्हणता आणि मग स्वतःच बोलता. म्हणून पत्र. आमच्या ऑफिसातले अप्पाराव उद्या जमिनीच्या मोजणीसाठी वैजापूरला येत आहेत, त्यांच्या हाती पाठवतो.

वैजापूरच्या नोकरीत सहा वर्षं आपल्या माडीवर राहिलो, आपण भाडेकरू म्हणून कधी वागवलं नाही, तेव्हा आपल्याशी खोटं बोलणार नाही. हुरडा खायला आलो तेव्हा पिल्लू पोरींच्या हातात देताना आपण म्हणालात, “लेकरू हाय ते, खेळणं नाय. पंधरा-वीस दिवसांनी येऊन बघतो. सुखात नसंल तर आल्या पायी घेऊन जाईन.” येत्या रविवारी आपण येणार. सौ. उमा आवडाकाकूंशी फोनवर अर्धा तास बोलली आहे, म्हणजे एक बाजू आपल्यापर्यंत पोचली असणार. दुसरी बाजूही वाचावी, एवढीच विनंती.

पोरींनी त्याचं नाव हुरडा ठेवलं. पहिल्या दिवशी हुरडा घरभर हिंडला, देवघरासमोर ओलं केलं, चपलांच्या स्टँडखाली जाऊन झोपला, आणि मग झोपलाच. आमच्या पोरींची समजूत अशी की कुत्रं म्हणजे दिवसभर चेंडू आणून देणारा प्राणी. हा चेंडू उशाला घेऊन झोपायचा. तिसऱ्या दिवशी ओवीनं (वय आठ, स्वभाव तहसीलदाराचा) मला बाजूला घेऊन विचारलं की आजोबांनी आपल्याला बिघडलेलं पिल्लू दिलं का, आणि ते बदलून मिळतं का. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, याच्यात काही बिघाड नाही, या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोपच लागते. झोपेतच ते वाढतं, आणि झोप मोडली की चिडतं, चावतं. रिक्षात मी हे पोरींना पुन्हा नीट समजावून सांगितलं. त्यावर स्वरालीनं (वय बारा, प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागते) विचारलं, मग मला सकाळी साडेसहाला का उठवता? मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

समजावून सांगणं आणि समजणं यांत आमच्याकडे बरंच अंतर आहे. शाळेतून आल्या की दोघी आधी त्याला उठवायच्या, शाळेत काय झालं ते सांगायला. मग मैत्रिणी. मग मैत्रिणींच्या आया. आपल्याकडे बाळ बघायला आलेल्या माणसाला बाळाचे डोळे उघडे दिसल्याशिवाय चहा गोड लागत नाही, आणि तो नियम गल्लीनं हुरड्यालाही लावला. समोरच्या विशाखाताई तर दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा, “उठवा की जरा, कुणावर गेलंय बघू तरी.” (कुणावर जाणार? त्याच्या आईला त्यांनी पाहिलेलं नाही, आणि बापाला आपणही नाही.) संध्याकाळपर्यंत हुरड्याचे डोळे तांबारलेले, चालताना तोल जातोय, पण झोपायचं नाव नाही. समोर येईल ते चावायचं. हा प्रकार मी याआधी फक्त लग्नाच्या वऱ्हाडात पाहिला होता.

आता बोरन्हाण. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी उमानं हळदीकुंकू ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत बावीस बायका, वाण द्यायला स्टीलच्या गाळण्या. आत आमच्या पोरींची मसलत. हुरड्याची ही पहिली संक्रांत, आणि पहिल्या संक्रांतीला लहान लेकराचं बोरन्हाण करायचंच असतं. हे त्यांना माझ्या आईनंच शिकवलेलं, तेव्हा मी तरी कुणाला बोलू? ओवीच्या जुन्या काळ्या परकराचं झबलं झालं. तिच्याच बोरन्हाणापासून जपून ठेवलेले हलव्याचे दागिने निघाले. हुरडा गाढ झोपलेला. पोरींच्या मते त्यामुळे उलट सोयच, लहान मुलं रडतात तसा हा रडणार नाही. मग बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, शेंगा आणि तिळाच्या रेवड्या यांचं एक भरलेलं पातेलं त्यांनी त्या झोपलेल्या जिवाच्या डोक्यावर ओतलं.

पुढचं मला सलग सांगता येणार नाही. काळं झबलं घातलेलं, कानावर हलव्याचा मुकुट लटकलेलं काहीतरी किंचाळत बाहेरच्या खोलीत शिरलं आणि बावीस बायका दिवाणावर चढल्या. (दिवाण माझ्या सासऱ्यांनी दिलेला सागवानी आहे. मी लग्नापासून त्याला नावं ठेवत आलो, ती आता मागे घेतो.) विशाखाताईंच्या पैठणीचा पदर हुरड्याच्या तोंडात आला आणि त्यासकट तो दिवाणाखाली गेला. पैठणीच्या दुसऱ्या टोकाला विशाखाताई होत्या. मी पाऊण तास आडवा पडून त्याची समजूत काढली. पदर मिळाला. कमर मात्र अजून तिथंच आहे.

त्या संध्याकाळी उमानं निकाल दिला. ती ओरडली नाही, हेच जास्त वाईट होतं. “लेकराला झोपू देत नसाल तर आप्पासाहेब येतील तेव्हा त्यांच्या स्वाधीन करायचं.” ओवी रडली. स्वराली रडली नाही, पण तिनं जेवण सोडलं, आणि खरं सांगतो, मलाही घास गेला नाही. मग मी मला येतं तेच केलं. वीस वर्षं लोकांच्या जमिनीच्या हद्दी कायम करत आलो, म्हटलं घरातल्या भांडणालाही मोजणी लावून बघू. सोफ्यामागच्या कोपऱ्यात हुरड्याचं अंथरूण टाकलं, टेप लावून चार बाय तीन फूट मोजलं, चारी बाजूंनी रांगोळीनं हद्द आखली. लगतचे कब्जेदार म्हणून स्वराली आणि ओवी यांना रीतसर लेखी नोटीस दिली की या हद्दीत झोपलेल्या पिल्लास कोणीही हात लावू नये, हाक मारू नये, खाऊ दाखवू नये. दोघींनी सह्या केल्या. ओवीनं अंगठाही दिला, तिला शाई आवडते.

अर्थात आमच्या खात्यात असं कधी झालंय का की हद्द पडली आणि भांडण मिटलं? दुसऱ्याच दिवशी हुरड्याचं शेपूट रेघेबाहेर आलं. ओवीनं ते धरलं. मी हटकल्यावर म्हणाली, “शेपूट हद्दीबाहेर आहे बाबा, नोटीस आतल्या पिल्लाची आहे.” मी नोटिशीत दुरुस्ती करून शेपूट घातलं. त्याच्या पुढच्या दिवशी तो अख्खाच फ्रिजमागे जाऊन झोपला आणि हद्द रिकामी राहिली. तेव्हा स्वरालीनं (पुरावेवाली) डोकं चालवलं. हद्द जमिनीची नाही, हुरड्याची. तो झोपेल तिथं त्याच्याभोवती चार पावलं मोकळी. आणि काय सांगू, जमलं! पोरी शाळेतून येतात, दप्तर हळूच ठेवतात, ओवी चार पावलांवर बसून त्याला शाळेतलं सगळं सांगते, पण इतक्या हळू की आम्हाला वाटतं ती नुसतेच ओठ हलवतेय. परवा सांगता सांगता तीच झोपली. विशाखाताई परत आल्या तेव्हा ओवीनं दारातच त्यांना चप्पल काढायला लावून खुणेनं परत पाठवलं. पिल्लाला झोप लागते हे माझ्या पोरी शिकल्या, आप्पासाहेब. मला त्यांचा अभिमान वाटतो.

तेव्हा रविवारी अवश्य यावं, हुरडा किती सुखात आहे ते पाहावं आणि निर्धास्त मनानं रिकाम्या हातानं परत जावं. काकूंनाही आणावं. गुडघ्याला जपा, तेल लावा.

आपला,
मुकुंद धारूरकर

ता.क. : पत्र स्वरालीनं तपासायला मागितलं. वाचून म्हणाली, एक गोष्ट राहिली, ती घातल्याशिवाय अप्पारावांच्या हाती जाणार नाही. तर ती अशी. पोरी शहाण्या झाल्या तरी हुरडा संध्याकाळी चिडचिडा तो चिडचिडाच. पोरींनी चौकशी बसवली. माझ्या ऑफिसच्या पँटच्या गुडघ्यांवर सोफ्यामागच्या हद्दीची रांगोळी सापडली. हो, दुपारी दीडला जेवायला आलो की त्याला मीच उठवत होतो. रोज.

ता.ता.क. : कारण लिहितो, हसू नका. तीन-चार वर्षांपूर्वी जिन्यात माझ्या किल्ल्या वाजल्या की दोघी पोरी दारापर्यंत पळत यायच्या. आता येत नाहीत. अभ्यास असतो, त्यांचं काही चुकत नाही, पण मला ते फार लागलं होतं. हुरडा येतो. म्हणजे, उठवलं की येतो. सगळ्या दिवसात एकदा कुणीतरी आपल्याकडे पळत यावं, एवढंच. आप्पासाहेब, पोरींसाठी म्हणून नव्हे, माझ्यासाठी म्हणून मागतो, त्याला नेऊ नका. मीही शिकेन.

ता.क. (वेगळ्या अक्षरात) : आप्पाआजोबा, मी स्वराली. बाबांनी हे पत्र इतकं लांब का लिहिलं ते त्यांनी सांगितलेलं नाही. जेवण झाल्यावर हुरडा आपणहून त्यांच्या मांडीवर चढला आणि झोपला. त्याला पावणेतीन तास झाले. बाबांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्यात, त्यांना बाथरूमला जायचंय, दोनदा फोन वाजला तोही उचलला नाही. मी आणि ओवी म्हणालो, आम्ही अलगद उचलतो. तर त्यांनी आम्हाला नुसतं बोटानं “शू” केलं. कागद संपला म्हणून आता माझ्या गणिताच्या वहीचं पान मागतायत.