दोन हजार एकशे चौदा

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून नवी सुरुवात. गाईड सरांनी शेवटची मुदत दिली. ३१ला दुसरं प्रकरण टेबलावर हवं, नाहीतर पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द. म्हणे सहा वर्षं झाली. विषय बसथांब्यांचा आहे, घाई करून कसं चालेल? असो. अठ्ठावीस दिवस म्हणजे चिक्कार वेळ. लॅपटॉपवर रेफरन्स मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. संशोधनाचे सगळे पेपर त्यात भरायचे, मग लिहिताना नुसतं बटण दाबायचं, संदर्भसूची आपोआप तयार. अर्धं काम इथेच संपलं.

५ मार्च
४१२ पेपर भरले. लिहिलेले शब्द: ०. पण पाया महत्त्वाचा.

८ मार्च, शनिवार. दुपारी
रंगांच्या खुणा दिल्या. लाल आधी वाचायचे, पिवळे मग वाचायचे, हिरवे वाचून झालेले. लाल ३९०, पिवळे ५०१, हिरवे २. त्यातला एक माझाच.
बायकोने विचारलं, प्रकरण कुठवर आलं? म्हटलं, रंगकाम चालू आहे. तिने टेबलावरचा माझा पसारा कोपराने सरकवला आणि जेवायला बसली.

१२ मार्च
लायब्ररीत माझ्यासमोर एक बाई बसतात. सकाळी शाळेत गणित शिकवतात, दुपारी येऊन पीएचडी करतात. विषय माझ्याच जवळचा, पण टिपणं अजून कागदी कार्डांवर. ती कार्डं चपलांच्या खोक्यात! मला कीव आली. माझा सगळा संग्रह शेअर करून टाकला. म्हणाल्या, फार उपकार झाले, पण तुमचं लिखाण कुठवर आलंय?
बायकोचं आणि यांचं आपसात काही ठरलंय का?

१७ मार्च
एकेक पेपर चार-चारदा भरला गेलाय. दिवसभर जादाचे काढत बसलो. मान वळत नाही, पण समाधान! उद्यापासून लिखाण. पक्कं.

१८ मार्च
उद्यापासून. आधी सूचीची शैली ठरवायला हवी. प्रकाशनवर्षानंतर स्वल्पविराम की पूर्णविराम? माणसाची पारख इथेच होते.

२४ मार्च
सरांचा फोन. किती झालं? २,११४, म्हणालो. त्यांना वाटलं, शब्द. म्हणाले, कमी आहे, पण चालेल. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.
खरं सांगायचं तर भीती वाटते. लिहिलेलं चुकू शकतं, भरलेला पेपर चुकत नाही. वाक्य छान आहे. प्रकरणात बसत नाही.

३० मार्च, रविवार. सकाळी ११
लिहिलं! एक परिच्छेद. बटण दाबलं. सूचीत एकच नोंद!

दुपारी २
सॉफ्टवेअर बिघडलंय. तीन तास झगडतोय. बायकोने मदतीचं पान वाचून सांगितलं की मजकुरात ज्यांचा उल्लेख केलास तेवढेच सूचीत येतात. मी एकाचा केला होता. माझाच.

३१ मार्च
प्रकरण दिलं. अर्धं पान. सरांनी उलटून मागची बाजू पाहिली. कोरी होती. मग रद्द करण्याच्या फॉर्मवर सही केली आणि चहा घेणार का विचारलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१६ जून, सोमवार
गणिताच्या बाईंनी प्रबंध जमा केला. एक प्रत मला आणून दिली. शेवटी चौदा पानांची सूची, बरीचशी माझ्या संग्रहातली, माझ्या स्वल्पविरामांसकट. सुरुवातीला माझे आभार: यांच्याशिवाय हे लिहून झालं नसतं. म्हणाल्या, सवडीने वाचा, तुम्हाला आवडेल.
घरी येऊन लगेच संग्रहात भरला. क्रमांक २,११५. पिवळा.