पिठाच्या डब्यामागची चटणी

१३ जुलै, रवि.
उशीच्या अभ्र्यावर पुन्हा केस. मोजत नाही. मोजले की दिवसभर दुकानात रंगाच्या मापात लक्ष लागत नाही. भांग पाडला की मधली रेघ बोटाएवढी रुंद दिसते. पिंकी म्हणाली, "दादा, रस्ता रुंदीकरण सुरू झालं का?" लहान बहीण आहे म्हणून सोडलं.
कारण पाणीच असणार. आमच्याकडे मनीषनगरात बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो. उद्यापासून डोकं नळाच्या पाण्यानेच धुवायचं. दुकानाशेजारी नळ आहे. कॅन भरून आणायची.

१५ जुलै
रूपालीचा व्हिडिओ कॉल. टोपी घालूनच उचलला. मार्चमध्ये साक्षगंध झालं तेव्हा केस एवढे होते की फोटोवाला म्हणाला, जरा पाणी लावून बसवा. आज रू. म्हणते, "काहून जी, घरात ऊन लागून राहिलं का?" सर्दी आहे म्हणालो. जुलैत सर्दी चालते.
लग्नपत्रिकेवर दोघांचा फोटो हवा म्हणते. म्हटलं, पाऊस संपू दे.

२० जुलै, रवि.
बाबांच्या अँजिओप्लास्टीला सहा महिने झाले. धंतोलीच्या दवाखान्यातून निघताना जेवणाच्या सूचनांचा कागद दिला होता. तो मी प्लॅस्टिकमध्ये घालून ओट्याच्या वर लावला. तेव्हापासून घरात तेलाची पिशवी आलेली नाही. भाजी पाण्यात शिजते, फोडणी कोरडी. मी तर शेंगदाणा, तीळ, अंड्यातला पिवळा भाग, मासळी, सगळंच सोडलं. बाबांना एकट्याला सोडायला लावणं बरोबर नाही. बारावीच्या पुढे शिकलो नाही, पण लिहिलेलं पाळता येतं.
पँट ढिली झाली. टाचा फाटल्या. कोपरावर पांढरी साल निघते. चालेल.
बाबांचा चेहरा मात्र टवटवीत. आईची वेणी अजून मनगटाएवढी. पिंकीचं तर बोलूच नये. एक चूल, एक पाणी, एक शॅम्पू. मग माझेच काहून?

२ ऑगस्ट
नळाच्या पाण्याने फरक नाही. स्कूटरवर कॅन आणून आणून खांदा दुखतो.
दुकानात डबा ढवळायला वाकलो तर सेठजींनी वरून पाहिलं. "अरे, तुह्या डोक्याले प्रायमर मारा लागते." सगळे हसले. मीही हसलो. दोन गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक हसलं नाही. ते टकलं होतं.
रात्री रू. थोडी वेगळ्या आवाजात बोलली. तिचे बाबा विचारतात म्हणे, पोरगा तोंड काहून लपवून राहिला? वाळला पण दिसते. काही आजार तर नाही? सांगून टाका म्हणावं.
केसांची भीती वेगळी होती. ही वेगळी आहे.

१० ऑगस्ट, रवि.
घडलं तसं नीट लिहितो.
सकाळी पारशिवनीहून आत्या आली. पिशवी ठेवली नाही तोच आईला म्हणाली, "काय वं वहिनी, जवसाची चटणी संपली असन नं? दोन बरण्या आणल्या. अन् लाकडी घाणीचं तेलही आणलं, मागच्या वेळी आमच्या दादाले कमी पडलं म्हणे."
मी समोर उभा. आई कुकरकडे पाहू लागली. बाबांनी पेपर वर धरला, उलटा. पिंकी हसत हसत मोरीत पळाली.
पिठाचा डबा मी सरकवला. मागे बरणी. जवळजवळ रिकामी, तळाला लाल चटणी, कडेला तेलाची रेघ. चमचाही आतच.
म्हणजे फेब्रुवारीपासून मी दुकानात गेलो की तिघं भाकरीवर जवसाची चटणी घेतात, वरून जवसाचं तेल. वर पिंकी, तिनेच मोरीतून कबूल केलं, बुधवारी शेजारच्या काकूंकडची मासळी खाते. सहा महिने घरात एकटा मीच पाणी उकळून खात होतो.
ओरडलो. "बाबा, तुम्हाला मरायचं आहे का?"
बाबा शांतपणे म्हणाले, "तो कागद वाच. तेल कमी, असं लिहिलं आहे. बंद तू केलं. तुले सांगतलं असतं तर तू जेवण सोडलं असतं. म्हणून सांगतलं नाही."
आत्या मात्र माझ्या टोपीकडे पाहत होती. "बाबू, काढ बरं ते." नाही काढली.

११ ऑगस्ट
चोरून खायचं ते खायचं. त्यात जवस! दुकानात आम्ही तेच विकतो. अळशीचं म्हणजे जवसाचंच तेल, लाकडाचे पॉलिशवाले नेतात. ब्रश त्यात बुडवून ठेवला आणि विसरला की दुसऱ्या दिवशी लाकूड होतो. डब्याच्या काठावर पापुद्रा धरतो, नखाने निघत नाही. ते माझे बाबा भाकरीवर घेतात. स्टेंट घातलेल्या माणसाने.
गुरुवारी बाबांची तपासणी आहे. तिथे सगळं सांगणार.

१४ ऑगस्ट
सांगितलं. तारखांसकट. दवाखान्यातल्या डाएटच्या ताईंसमोर बाबांना बसवलं आणि शाळेत पोरं सरांना सांगतात तसं सांगितलं. बाबा मान खाली घालून.
ताईंनी बाबांना विचारलं, "किती घेता?" "चटणी चमचाभर, वरून तेल चमचाभर. बाकी तळलेलं काही नाही बाप्पा." ताईंनी रिपोर्ट पाहिला. "मस्त आहे. असंच चालू द्या."
मी म्हटलं, मॅडम, ते वॉर्निशचं तेल आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुकानातलं उकळलेलं असतं, त्यात वाळायची औषधं घातलेली असतात. ते विष, चुकूनही तोंडात घालायचं नाही. आत्याचं घाणीचं वेगळं, खायचं. बियाणं दोन्हींचं एकच.
मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही काय खाता?"
अभिमानाने सांगितलं. तेल नाही, दाणे नाहीत, तीळ नाहीत, पिवळं नाही, मासळी नाही. त्या लिहीत गेल्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "टोपी काढा."
काढली. बाबांनी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला तो घरी येईपर्यंत तिथेच होता, स्कूटरवरसुद्धा.
ताईंनी सांगितलं ते जसंच्या तसं: शरीर बरीचशी चरबी स्वतः बनवतं. पण दोन जाती त्याला बनवताच येत नाहीत. त्या ताटातूनच यायला हव्यात. एक शेंगदाणा-तीळ-सोयाबीनमधून भरपूर मिळते. दुसरी जवस, अक्रोड, मासळीत. दोन्ही दारं बंद केली, वजनही झरझर उतरवलं, की शरीर आधी जीव सांभाळतं. कातडी, केस मग. केस गळायला कारणं पुष्कळ, म्हणून रक्त तपासा, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. "पण मला तुमच्या ताटातच मोठं कारण दिसतं."
किती दिवसांत येतील, विचारलं. "आधी गळणं थांबेल. मग बरेच दिवस काहीच दिसणार नाही. घाबरून पुन्हा काही सोडू नका."
तक्रार करायला गेलो होतो.

१७ ऑगस्ट, रवि.
रक्ताचा रिपोर्ट: लोह थोडं कमी, थायरॉइड ठीक. कातडीच्या डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, बाकी तेच बोलले.
दुपारी पहिला घास. भाकरी, जवसाची चटणी, मधे खळगा करून तेल. नाकाजवळ नेलं तर दुकान आठवलं. डोळे मिटले. भाजलेला, खमंग, जरासा कडवट वास, मग लसूण. वॉर्निश कुठेच नाही.
दुसरी भाकरी मागितली. आईने वाढली आणि उगाच पदराने ओटा पुसत राहिली. बरणी पिठाच्या डब्यासमोर आली आहे.

७ सप्टें.
टाचा भरल्या. कोपरं मऊ. अंडं पूर्ण खातो. बुधवारी पिंकीबरोबर मासळी. डोक्यावर काही नाही. अभ्र्यावर अजून केस आहेत.
काही सोडायचं नाही. काही सोडायचं नाही.

२१ सप्टें., रवि.
रू.च्या बाबांचा फोन बाबांना. तारीख तूर्त राहू द्या म्हणाले. पोराची तब्येत बघू, मग बोलू. जय भीम, आणि ठेवला.
तासभर गच्चीवर बसलो. मग रू.ला व्हिडिओ कॉल केला आणि टोपी काढली. डोकं खाली केलं, मधली रेघ दिसेल असं. मग बोलायला लागलो ते थांबलोच नाही. कागद, पाणी, कॅन, बरणी, सगळं.
ती एवढी हसली की फोन हलायला लागला. "म्हणजे घरचे तुमच्यापासून लपवून चटणी खाऊन राहिले, अन् तुम्ही माह्यापासून लपवून टक्कल! काय घर आहे जी तुमचं!"
म्हटलं, तुला केस आवडले होते.
"साक्षगंधात मी वर पाहिलंच कुठं? खाली मान घालून तुमचे बूट पाहून राहिली होती. लय चमकत होते."
मग गंभीर झाली. "मले चालते. पण बाबाले मी सांगून नाही पटणार. त्यायले तुम्ही धडधाकट दिसा लागन. खा तुम्ही."
आज तीन भाकरी.

१२ ऑक्टो., रवि.
अभ्रा स्वच्छ. चादर झटकली, तरीही स्वच्छ. पिंकीला बोलावून दाखवला. "रिकामा अभ्रा दाखवून राहिला काय बे दादा," म्हणाली. मग तिला कळलं.

१६ नोव्हें., रवि.
आईने अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं. कंगव्याच्या टोकाने केस बाजूला केले आणि कंगवा तसाच धरून राहिली. मला वाटलं, झालं.
"अवं पिंके, इकडे ये वं! हे पाह्य!"
कपाळाच्या वर आणि मधल्या रेघेत. बारीक, ताठ, उन्हात जेमतेम दिसणारे. पण आहेत. पिंकी म्हणाली, धान्याला कोंब फुटले. बाबा चष्मा घेऊन आले, मग शेजारच्या काकू आल्या. सगळ्यांनी बोट लावून पाहिलं. आयुष्यात कोणत्याही निकालाला एवढी माणसं माझ्याभोवती जमली नव्हती.
आत्याला फोन. ती ओरडली, "मंग! सांगतलं होतं नं!" तिने काहीच सांगितलं नव्हतं. राहू दे.

८ डिसें.
सेठजी म्हणाले, "दुसरा कोट चढला म्हणावं. कोणतं तेल लावलं?" म्हटलं, लावलं नाही, खाल्लं. आपल्या मागच्या फळीवरच्या तेलाची बहीण. त्यांनी डब्याकडे घाबरून पाहिलं. विषाचं समजावून सांगितलं, घाणीचं कुठे मिळतं तेही. त्यांच्या पिशवीत केसांच्या तेलाची चपटी बाटली असते, रोज डोक्याला लावतात. आज बाहेर काढली नाही.

११ जाने., रवि.
पारशिवनी. आत्याच्या शेतात जवस फुलला आहे, पार बांधाच्या धुऱ्यापर्यंत निळा. आत्या म्हणाली सकाळीच या, दुपारी पाकळ्या गळतात. गळू दे म्हटलं, गळण्याला मी आता भीत नाही. आत्याला विनोद कळला नाही.
रू. कामठीहून तिच्या आईबरोबर आली. तारीख अजून ठरलेली नाही, तरी पत्रिकेचा फोटो इथेच काढायचा, हे तिनेच ठरवलं. फोटोवाला म्हणाला, साहेब, टोपी काढणार का? मी आणलीच नव्हती. थंडीमुळे डोक्याला मफलर होता, तोच त्याला टोपी वाटला. तो सोडून ठेवला.
वारा होता. पुढचे नवीन केस उभे राहिले. रू.ने तळहाताने दाबले, पुन्हा उभे. पुन्हा दाबले.
"हे बसत काहून नाहीत जी?"
"नवीन आहेत."
"पाहुण्यासारखे. बसा म्हटल्याशिवाय बसत नाहीत."
मधली रेघ पूर्ण भरलेली नाही. डावीकडे कपाळाचा एक कोपरा रिकामाच आहे, तिथे येतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. फोटोवाला म्हणाला, तो कोपरा सावलीत घेऊ का? म्हटलं, उन्हातच घ्या.
आत्याने बांधावर सगळ्यांना भाकरी-चटणी दिली. रू.च्या आईने दोनदा तेल मागितलं. एक बरणी कामठीला गेली.
संध्याकाळी घरी आल्यावर फोटो मी स्वतः रू.च्या बाबांना पाठवला. खाली लिहिलं, "जय भीम. तब्येत बघून घ्यावी." शुद्धलेखन दोनदा तपासलं.
दोन्ही टिक निळ्या झाल्या, म्हणजे त्यांनी पाहिला. उत्तर नाही अजून.
आई हाक मारते आहे, भाकरी थंड होते म्हणून. फोन इथेच ठेवून जातो.