मुठीतले टोमॅटो

बाबा, आधी काय घडलं ते क्रमाने सांगते.

१. परवा जानेफळच्या मैदानावर आपल्या गावच्या मुली फुटबॉलचा सामना हरल्या.
२. गोल पेनल्टीवर झाला. आपल्या बचावातल्या मुलीने गोलसमोर दुसरीचा शर्ट ओढला होता.
३. तुमच्यानंतर मुलामुलींना शिकवणारा तुमचाच विद्यार्थी गाव सोडून चालला आहे. तो म्हणाला, "ताई, आता तू घे. नाहीतर पोरी घरी बसतीन."
४. मी मेहकरच्या वीज उपकेंद्रात अभियंता आहे. मीच मागितलेली पुण्याची बदली मंजूर झाली आहे. जाणार की नाही, ते शनिवारी कळवायचं आहे.

त्या ओढलेल्या शर्टामुळे मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मुंबईच्या क्लबात तुम्ही बचावाला खेळायचात. गुडघा निकामी होऊन परत आलात, तेव्हा गावात सगळे एकच विचारायचे, गोल किती मारले? तुम्ही म्हणायचात, "एकही नाही. मारू देले नाही." संध्याकाळ झाली की तुम्ही आईच्या टोपलीतले टोमॅटो उचलता. आई म्हणते, "काऊन नेऊन राह्यले? भाजीत काय फुटबॉल टाकू?" तुम्ही हसत, लंगडत निघता. मैदानावर बचाव करणाऱ्याच्या दोन्ही मुठींत एकेक पिकलेला टोमॅटो, आणि समोरून चेंडू घेऊन येणारा गडी. खांद्याला खांदा लागला तर चालेल, पण हाताने धरायचं नाही. धरायला गेलं की टोमॅटो फुटतो. आता गाव सोडणारा तुमचा विद्यार्थी मळेवाल्यांचा. तो एकदा शेतातून कच्चे, हिरवे घेऊन आला. तुम्ही एक दाबून पाहिलात. "हे तर गोटे आहेत बे. मंग शिकशीन काय?"

माझा टोमॅटो कधीच फुटला नाही. मला वाटलं होतं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही माझ्या मुठी उघडून बघितल्यात आणि म्हणालात, "तुह्या टोमॅटोले काय होईन? तू जवळच जात नाही. लांबूनच राखण करतं. एखांदा फुटू दे, पोरी." मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, आणि मी खेळणं सोडलं. नंतर जे शिकले त्यातही पहिला धडा अंतराचाच होता: चालू तारेपासून किती लांब उभं राहायचं. ते मला चांगलं जमतं. माणसांच्या बाबतीतही जमतं.

परवा सामना संपल्यावर ती शर्ट ओढणारी मुलगी गोलखांबाला टेकून बसली होती. मी दुरूनच निघणार होते. तिने विचारलं, "ताई, तुमचे बाबा असते तर मले रागावले असते का?"

"नाही. हातात टोमॅटो दिले असते."

"खायले?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. उत्तर मोठं होतं, अंधार पडेपर्यंत पुरलं.

हे पत्र पेटीत पडणार नाही, हे मला माहीत आहे. तरी पुण्याबद्दल तुमचं मत हवं आहे. आज बाजारातून टोमॅटो आणलेत, पूर्ण पिकलेले. घरात एवढे लागत नाहीत. शनिवारपर्यंत कळवा; त्यापुढे ते टिकणार नाहीत.