आईचं घर शोधताना

१० डिसेंबर, नांदेड

आई पुन्हा पिशवी घेऊन दारात! "घरी जायचंय." माझ्याकडे आल्यापासून एकच धोशा. कोणतं घर विचारलं तर म्हणते, "माझं." वडील एसटीत, सारख्या बदल्या, घरं तरी किती झाली! शेवटी म्हटलं, चल, जुनी घरं दाखवते आणि मग लातूरला हनुमंतकडे पोचवते. आता तिनं मुलाकडेच राहायचं ठरलंय.

त्याआधी एकदा तरी मला नावानं हाक मारावी. बस्स, एवढंच. हल्ली मला 'बाई' म्हणते, अहो-जाहो करते. पोटच्या पोरीला अहो-जाहो!

११ डिसेंबर, भोकर

स्टँडमागची आमची खोली नाहीच. तिथं मोबाईलचं दुकान, वर कसलासा क्लास. रस्त्यानं कापसाच्या गाड्या, कडेच्या बाभळींना कापूस अडकलेला. मला शाळेची वाट आठवली, वडिलांची सायकल आठवली, भर रस्त्यात रडू आलं. आई निवांत केळं खात होती. "हे न्हाई," म्हणाली. संपलं भोकर.

१२ डिसेंबर, देगलूर

हे गाव मला पहिल्यापासून आवडतं. एकाच दुकानापुढे तीन भाषांत भांडण चालतं आणि सगळ्यांना सगळं कळतं! जुन्या शेजारीण बानोचाची अजून त्याच घरात. दारातूनच ओरडल्या, "अगे माँ, रुक्मिणभाभी!" — आणि आईनं ओळखलं! लगेच! "बानो, पान लाव गं," म्हणत गळ्यातच पडली. मी बघतच राहिले.

चाचींनी माझ्याकडे बोट केलं. "और ये दामिनी ना?"

"न्हाई ओ. ह्या बाई सोबतीला आल्यात माझ्या. लई चांगल्या हायत."

चांगल्या! परसात जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूतच होते. आमची खोली आता चाचींच्या नातवाची आहे. आईनं आत डोकावलं आणि मागे फिरली. "हे बानोचं. माझं कुठंय?"

१३ डिसेंबर, उदगीर स्टँड

लातूरची बस अजून नाही. आई माझ्या खांद्यावर झोपली आहे. तिच्या लेखी परक्या बाईच्या.

१३ डिसेंबर, लातूर

हनुमंतचं घर. हेही तिला नको! भावजय शिवकन्या "आत्याबाई, आत्याबाई" करत मागे मागे. करते बिचारी मनापासून.

या घरात आलं की मला एकच संक्रांत आठवते. माझा नवरा अंगद जाऊन वर्षही झालं नव्हतं. वडील तेव्हा होते. आई बायकांच्या ओट्या भरत होती. माझ्यापाशी आली, थबकली, हळूच म्हणाली, "तुझी कशी भरू गं?" आणि तांदळाचं ताट घेऊन पुढे सरकली. नवरा गेलेलीची ओटी भरत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? पण आईनं! सख्ख्या आईनं! ते दुखणं अजून तसंच आहे. भांडायचं म्हटलं तर आता भांडू कुणाशी? तिला ती संक्रांत आठवत नाही. मीच आठवत नाही.

१४ डिसेंबर, नांदेडच्या बसमध्ये

"येते आई," म्हणून चप्पल घातली. ती नुसती बघत होती. मग एकदम — "थांब गं दामिनी! आपल्या घरून लेक रिकामी जाती का?"

आत गेली. ओंजळीत तांदूळ घेऊन आली. शिवकन्या म्हणाली, "आत्याबाई, अवो ताईंची..." मी ओढणी पुढे धरली. आईनं ओटी भरली. कपाळाला बोट लावलं.

"जा सुखानं. अंगदरावांना म्हणावं, पुढच्या बारीला जोडीनं या."

"सांगते," म्हणाले.