घोंगडीवरची जागा

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या मनात मी अजून तुमच्याशी भांडते. आज पुन्हा भांडायचं आहे.

जव्हार संस्थान विलीन झालं आणि तुम्ही पुण्याहून मोखाड्याला आलात, पाड्यापाड्यांवर बायांची विचारपूस करणाऱ्या आम्हा सेविकांवर देखरेख करायला. मी सूर्यमाळची, सातवी पास पोर. तुम्ही माझ्या आजीच्या वयाच्या. पाड्यावर गेलो की बाया तुमच्यासाठी घोंगडी अंथरायच्या आणि मी आपली त्यांच्यात, चुलीपाशी, भुईवर. खोडाळ्याला तुम्ही सगळ्यांदेखत कडाडलात, "अगं ऊठ! सेविका ना तू? इथं माझ्या शेजारी बस. खाली बसणारीचं कोण ऐकेल?" मी उठले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी! राजाच्या काळात आम्हा आदिवासींतलं कुणी असं बसलं नव्हतं. मग तुमच्यासारखं नेसायला शिकले, तुमच्यासारखं बोलायलाही. दिवाळीला घरी गेले तर आईनं मला घोंगडी टाकली आणि स्वतः दाराशी उभी. "आये, बस ना," म्हटलं, तर म्हणते, "तू बस बाय. तू आता सरकारची." नागलीची भाकरी मी एकटीनंच घोंगडीवर बसून खाल्ली. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुमच्या जागेवर पुढं मी आले. आता माझ्या हाताखाली एक पोरगी आहे, जव्हारच्या दुकानदाराची, कॉलेज केलेली. जाईल तिथं चुलीपुढं फतकल मारते. आमची बोली मोडकीतोडकी बोलते, बाया पोट धरून हसतात आणि पोटातलं सगळं तिलाच सांगतात. काल खोडाळ्याजवळच्या पाड्यावर एका गरोदर बाईची विचारपूस करायची होती. मी आत पाऊल टाकलं तशा सगळ्या चिडीचूप. पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नका, जरा बाहेर ओट्यावर बसता का? तुमच्यासमोर त्या बोलत नाहीत." असा संताप आला! तुमच्यासारखं कडाडावं वाटलं. पण गेले मुकाट्यानं.

बाहेर फार एकटं वाटलं, बाई. तुम्ही असतात तर दोघी बसलो असतो. अर्थात, हे पत्र तुमच्या हयातीतही मी पाठवलं नसतं. तुम्ही भल्यासाठीच उठवलं होतंत मला.

आत आमच्याच बोलीत कुणी तरी विचारलं, ही मोठी बाय कुठली? दुसरी म्हणाली, पुण्याची असंल. मी ताडकन उठले, मी सूर्यमाळची, तुमच्यातलीच, हे सांगायला. दारापर्यंत गेले. पण आईशी ज्या बोलीत बोलायचे, तिच्यातला एक शब्द तोंडातून फुटेना.